विस्कॉन्सिनमधलं ‘टाउन’ आणि ‘व्हिलेज’: घर घेण्यापूर्वी फरक ओळखा

नावावर जाऊ नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ‘टाउन’ म्हणजे शहर नव्हे. सिटी आणि व्हिलेज या नगरपालिकांसारख्या संस्थांच्या हद्दी वगळून उरलेली सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या टाउनमध्ये मोडते, मग तिथे नुसता मका का असेना. जमीनमोजणीतला ‘टाउनशिप’ नावाचा चौकोन आणखी वेगळा: सहा मैल लांब, सहा मैल रुंद, प्रत्येकी 640 एकरांचे 36 सेक्शन.

टाउनचा कारभार बहुधा तिघांच्या मंडळाकडे असतो. पण खरी मजा एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी. त्या दिवशीच्या वार्षिक सभेत मतदार हजर राहून टाउनच्या कराची रक्कम स्वतः मंजूर करू शकतात. आपल्या ग्रामसभेची आठवण यावी असा प्रकार. व्हिलेजमध्ये अशी सभा नाही, तिथे निवडून आलेले ट्रस्टीच ठरवतात.

अधिकारांत मात्र व्हिलेज वरचढ. त्याला विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेनेच स्वायत्तता दिली आहे. टाउनला कायद्याने दिलं तेवढंच. जमीनमालकांनी अर्ज केला तर व्हिलेज लगतची टाउनमधली जमीन आपल्यात सामील करून घेऊ शकतं, टाउनला ते जमत नाही. ही गळती थांबवायलाच काही टाउन व्हिलेज होतात. डेन काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) विंडसर 2015 मध्ये व्हिलेज झालं.

घोटाळा होतो तो पत्त्यात. ओरेगन नावाचं टाउनही आहे आणि व्हिलेजही, पोस्टाचा पत्ता मात्र दोन्हीकडे ‘ओरेगन’च असू शकतो. म्हणून मालमत्ता कराच्या बिलावर ‘टाउन ऑफ’ आहे की ‘व्हिलेज ऑफ’, ते आधी वाचा. टाउनमध्ये बांधकामाआधी बहुतेकदा काउंटीच्या झोनिंग (कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम) खात्याकडेही जावं लागतं.