जुन्या गिझरचा घरगुती बायोडिझेल सेटअप: आठ महिने वापरून काय टिकलं, काय बदललं

बायोडिझेल म्हणजे टाकाऊ तळणीच्या तेलात मिथेनॉल आणि केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून केलेलं डिझेलसारखं इंधन; खाली बसलेलं ग्लिसरीन काढायचं आणि वरचं पाण्याने धुवायचं. एप्रिलमधे पहिली बॅच काढली, आता डिसेंबर चालूये. बावीस बॅच झाल्या, प्रत्येकी 35 लिटर तेलाची. निफाडजवळ द्राक्षबाग आहे, विहिरीवरचं जुनं 5 एचपीचं डिझेल इंजिन आणि लाईट गेल्यावरचा जनरेटर दोन्ही, थंडी सोडली तर, यावरच चालतात. विक्रीला काहीच नाही, सगळं घरच्या वापराला. व्हिडिओ बघून सेटअप करणारे बरेच असतात पण सहा-आठ महिन्यांनी त्या सेटअपचं काय झालं ते कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

भांडं म्हणजे 50 लिटरचा उभा गिझर, भंगारातून आणलेला. आधी जो आणला तो तांब्याच्या टाकीचा निघाला, त्यात दोन बॅच काढल्या आणि तेल ठेवल्या ठेवल्या काळपट पडायला लागलं. तांबं, पितळ, जस्त या तिघांचं बायोडिझेलशी जमत नाही, इंधन लवकर खराब होतं, म्हणून तो परत भंगारात दिला आणि आतून काचेचा थर असलेल्या लोखंडी टाकीचा आणला. गिझरच का, तर उभ्या गिझरला दोन्ही पाईप खालूनच असतात, गार पाण्याचा तळाशी उघडतो आणि गरम पाण्याचा आतून वरपर्यंत गेलेला असतो. म्हणजे तळातून ओढायचं आणि त्याच आतल्या पाईपने वर सोडायचं, ढवळायची सोय आयतीच, वेल्डिंग करायची गरजच पडली नाही. अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप लावलाय, इंपेलर कास्ट आयर्नचा बघून घेतला. पंपाचं रबर सील दीड महिन्यात फुगून गळायला लागलं, व्हायटॉनचं (रसायनं सोसणारं रबर) टाकलं ते अजून तसंच आहे. पारदर्शक पीव्हीसी नळीही महिन्याभरात लाकडासारखी कडक झाली. जिथे जिथे मिथेनॉल किंवा बायोडिझेल लागतं तिथे साधं रबर आणि पीव्हीसी नकोच, पहिल्यापासूनच नको.

आता सगळ्यात जास्त फरक कशाने पडला ते सांगतो. मला वाटायचं पंप मोठा हवा, गिझर मोठा हवा, पण तसं काही नव्हतं, खरा घोळ तेलातल्या पाण्याचा होता. तेल भजी-वड्यांच्या गाडीवरचं आणि एका फरसाणवाल्याकडचं, अन्नसुरक्षा विभागाच्या 2018 च्या नियमाने तेलातले पोलर घटक (तळून तळून खराब झालेला भाग) 25 टक्क्यांच्या वर गेले की त्यात परत तळायचं नाही, असं टाकाऊ झालेलं तेल. त्यात पाणी असतंच. पाणी राहिलं की साबण होतो, साबण झाला की धुताना सगळं दह्यासारखं फाटतं आणि दोन दोन दिवस वेगळंच होत नाही. पहिल्या सहा बॅचपैकी तीन मी अशाच घालवल्या, खूप जीव तुटला त्यावेळी.

त्यावर केलं काय, तर एक लोखंडी ड्रम बाहेरून काळा रंगवला, खाली तळाला तोटी बसवली आणि गच्चीवर ठेवला. ड्रिपचा जुना स्क्रीन फिल्टर होता त्यातून गाळून तेल त्यात ओतायचं आणि चार दिवस उन्हात हलवायचंच नाही. पाणी आणि गाळ तळाला बसतो, तोटीने दोन-तीन लिटर काढून टाकायचा. मग परीक्षा तव्यावर, तवा चांगला तापवून त्यावर चमचाभर तेल सोडायचं, तडतडलं तर पाणी आहे, गप्प पसरलं तर घ्यायला हरकत नाही. हे चालू केल्यापासून धुताना एकही बॅच फाटली नाही. खर्च फक्त रंगाचा आणि तोटीचा.

तेलात आम्ल किती आणि त्यावरून केओएच किती घालायचं हे टायट्रेशन करून मोजतात, त्यात रंग बदलून दाखवणारं फिनॉल्फथॅलीन गावात मिळेना तेव्हा घरची हळद वापरली. आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे चिमूटभर हळद भिजवून वरचं पिवळं पाणी घ्यायचं, 10 मिली अल्कोहोलमधे 1 मिली तेल, त्यात हळदीचे थेंब आणि मग लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात 1 ग्रॅम केओएच असं द्रावण सिरिंजने थेंब थेंब सोडायचं. पिवळ्याचं कुंकवासारखं लाल झालं आणि अर्धा मिनिट टिकलं की थांबायचं. माझं बहुतेक वेळा 2.5 मिलीला येतं, म्हणजे लिटरला कोऱ्या तेलालाही लागणारे 7 अधिक 2.5 असं 9.5 ग्रॅम, 35 लिटरला साधारण 332 ग्रॅम केओएच आणि 7 लिटर मिथेनॉल. केओएच हवेतलं पाणी ओढतं, डबा उघडा राहिला की वजनाला अर्थ उरत नाही.

सुरक्षेचं मात्र अगदी मनापासून सांगतो. मिथेनॉल हे विष आहे, परवान्याच्या दुकानातून कागदपत्रं देऊनच घ्या. 2015 ला मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं मिथेनॉलच्या दारूनेच गेली. ते 64.7 अंशाला उकळतं आणि वाफ पटकन पेटते. म्हणून तेल आधी 55 पर्यंत तापवायचं, हीटरचा प्लगच काढायचा, आणि मगच मिथेनॉल आत घ्यायचं. मी केओएच आणि मिथेनॉल जाड एचडीपीई प्लॅस्टिकच्या कॅनमधे बाहेर अंगणात मिसळतो आणि बारीक व्हॉल्व्हमधून पंपाच्या ओढीवर आत घेतो, त्यामुळे उघड्यावर ओतणं नाही. गिझरच्या वरच्या भोकातून पाईप शेडच्या बाहेर उंच काढलाय, तो कधीच बंद करायचा नाही. सगळी बटणं शेडच्या बाहेर. आणि ॲल्युमिनियमचं पातेलं या कामाच्या आसपासही नको, केओएच त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो.

दीड-दोन तास फिरवून रात्रभर ठेवलं की ग्लिसरीन खाली. गिझरचा पाईप तळापासून इंचभर वर असल्याने लिटरभर ग्लिसरीन आतच राहतं, हा या सेटअपचा खरा दोष, अजून पूर्ण सुटलेला नाही. सध्या सगळं 50 लिटरच्या निळ्या कॅनमधे घेतो, कॅन उलटा टांगलाय, बुचाला स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह. धुवायला नर्सरीतला फॉगर, वरून पाण्याचं धुकं सोडतो. पहिलं पाणी ताकासारखं पांढरं येतं, तिसरं-चौथं स्वच्छ. मग प्लॅस्टिकचा शॉवर लावून पंख्यासमोर फिरवत वाळवायचं, आरपार वाचता आलं पाहिजे. शेवटी कच्चं तेल राहिलं नाही ना ते बघायला 27 मिली मिथेनॉलमधे 3 मिली बायोडिझेल, खाली काही बसलं नाही तर पास.

इंजिनचं म्हणाल तर पहिल्या चाळीस तासांत डिझेल फिल्टर दोनदा बदलावा लागला, जुन्या टाकीतला सगळा गाळ हे सोडवून आणतं. इंधनाची रबरी नळी घामेजली तीही बदलली. धूर खूप कमी झाला, वास तळणीचा येतो. तेल मला 45 रुपयांनी पडतं, सगळं धरून लिटर साठच्या आसपास, माझी मेहनत यात धरलेली नाही.

थंडीचं मात्र बघून घ्या. इथलं तळणीचं तेल बहुतेक पामोलिन, त्याचं बायोडिझेल 13-14 अंशालाच ढगाळ होतं. गेल्या आठवड्यात सकाळी बघतो तर खिडकीतली बाटली गोठलेल्या तुपासारखी. आता जनरेटरला डिझेलमधे पाचातला एकच भाग बायोडिझेल घालतोय, विहिरीवरच्या इंजिनला फक्त दुपारी निम्मं निम्मं, आणि बंद करायच्या आधी पाच मिनिटं साध्या डिझेलवर चालवून घेतो म्हणजे नळीत काही गोठून राहत नाही.