डॉक, एसएसडी की रॅम? घरच्या स्टुडिओत पैसे आधी कुठे घालावेत

सांगलीहून भाच्याचा फोन आला. "आत्या, तीस हजार जमलेत. डॉक घेऊ, एसएसडी घेऊ की रॅम वाढवू?" डॉक म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टला लावून अनेक पोर्ट देणारा डबा, एसएसडी म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, आणि रॅम म्हणजे लॅपटॉपची चालू कामापुरती मेमरी. भाचा तबला वाजवतो, मित्रांना जमवून अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करतो. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, सहा वर्षं वापरलेला. मी नाशिकला घरातल्या एका खोलीत ऑडिओबुकं वाचते, अधूनमधून भजनी मंडळंही येतात. हाच प्रश्न मला वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात. म्हणून या वेळी फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा नीट लिहूनच काढलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. डॉक सगळ्यात शेवटी घ्या. आणि घेतलात तरी साउंड कार्ड (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आणि ज्या डिस्कवर रेकॉर्डिंग चालतं ती डिस्क, या दोन वस्तू त्याला लावू नका. त्या थेट लॅपटॉपला.

हे मला कळलं ते एका मे महिन्यात. वळवाचं आभाळ भरून आलेलं, आवाज नको म्हणून खिडक्या आणि पंखा बंद, आणि कादंबरीतलं चाळीस मिनिटांचं प्रकरण वाचून संपत आलेलं. टेबलावर केबलींचा गुंता नको म्हणून साउंड कार्ड, हार्ड डिस्क, मॉनिटर सगळं मी एका डॉकवर घेतलं होतं. लाइट गेली. इन्व्हर्टरने लगेच भार घेतला, पलीकडच्या खोलीतला पंखा थांबलासुद्धा नाही. लॅपटॉपला बॅटरी, त्यामुळे त्याची स्क्रीन तशीच उजळलेली. पण डॉकचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या प्लगला होता, आणि तेवढ्या क्षणभरात डॉक बंद होऊन पुन्हा चालू झाला. स्क्रीनवरची आवाजाची रेघ जागच्या जागी थांबली. फाइल सव्वातीनशे एमबीची दिसत होती, पण उघडली की लांबी शून्य. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं की ती लिहायची राहून जाते. शेवटी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून ती फाइल आत घेतली, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ (आवाजाच्या नोंदीची बारकाई), मोनो असं हाताने सांगितलं, तेव्हा अडतीस मिनिटं परत मिळाली. उरलेली दोन मिनिटं दुसऱ्या दिवशी वाचली, पण सकाळचा आवाज आणि संध्याकाळचा आवाज एकसारखा लागत नाही. तो सांधा मला अजून ऐकू येतो.

त्यात दोष डॉकचा होता असंही नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, डॉकला नसते, एवढंच. पण खरेदीच्या वेळी ही गोष्ट कुठल्याही खोक्यावर लिहिलेली सापडत नाही.

हब, डॉक आणि थंडरबोल्ट डॉक

बाजारात या तिन्हींना सर्रास 'डॉक' म्हणतात, म्हणून आधी ते वेगळे करू.

साधा हब लॅपटॉपच्याच विजेवर चालतो. एचडीएमआय, दोन-तीन यूएसबी, कार्ड रीडर, आणि चार्जर आत घालायला एक टाइप-सी. स्वस्त हबवर '४के, ३० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं, म्हणजे ४के इतकं बारीक चित्र सेकंदाला ३० वेळा. ते तसं का, हे समजून घेतलंत तर फसगत टळेल. टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार वाटा असतात. हब त्यातल्या दोन चित्राला देतो आणि दोन डेटाला. जुन्या पद्धतीच्या डिस्प्लेपोर्टला (मॉनिटरकडे चित्र पाठवायची पद्धत) दोन वाटांमध्ये ४के ६० हर्ट्झ मावत नाही. म्हणून मग काही हब चारही वाटा चित्राला देतात, आणि यूएसबीला उरतो तो जुना २.० चा ४८० मेगाबिटचा वेग. मॉनिटर सुरेख दिसतो, पण एसएसडी मुंगीच्या पावलांनी चालते आणि दोष एसएसडीला लागतो. ऑडिओच्या कामाला ३० हर्ट्झचा मॉनिटर चालतो, फक्त माउस जरा जड वाटतो. व्हिडिओ कापणाऱ्याला तो नकोसा होईल.

हबमधून चार्जर लावण्याची आणखी एक खोड आहे. चार्जर लागला किंवा निघाला की अनेक स्वस्त हब विजेची बोलणी पुन्हा पहिल्यापासून करतात आणि त्यावरच्या वस्तू क्षणभर तुटतात. म्हणजे लाइट जाताना एक धक्का आणि येताना दुसरा.

यूएसबी-सी डॉकला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असतो, पोर्ट भरपूर असतात, लॅनही असतं. पण लॅपटॉपकडे जाणारी वाट एकच, बहुधा १० गिगाबिटची, आणि तीत सगळ्यांची वाटणी. ऑफिसच्या कामाला हा उत्तम. दोन मॉनिटर लावणार असाल आणि मॅक वापरत असाल तर मात्र थांबा. अनेक यूएसबी-सी डॉक ज्या एमएसटी (एकाच वाटेने दोन चित्रं पाठवण्याच्या) पद्धतीने दोन मॉनिटर चालवतात, ती मॅकओएसमध्ये चालत नाही. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसतं. त्यावर दुकानदार डिस्प्लेलिंकचा डॉक सुचवेल. अॅपलच्या साध्या एम-१ किंवा एम-२ चिपच्या मॅकबुकला मुळात एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो, त्यामुळे हा उपाय गोड वाटतो. पण त्यात चित्र गोळा करून दाबून पाठवण्याचं काम प्रोसेसरवर पडतं. गाण्याच्या मिक्समध्ये आधीच तीस प्लगइन (आवाजावर परिणाम करणारी छोटी सॉफ्टवेअर) चालू असताना हे ओझं मी तरी त्याच्यावर घालणार नाही.

थंडरबोल्ट डॉक हा या सगळ्यांतला थोरला, टाइप-सीच्याच आकाराच्या जास्त वेगवान पोर्टवर चालणारा. थंडरबोल्ट ३ (२०१५) आणि ४ (२०२०) दोन्ही ४० गिगाबिटचे, पण ४ मध्ये दोन ४के मॉनिटरची हमी असते, अर्थात लॅपटॉपला तेवढे मॉनिटर चालत असतील तर. कॅलडिजिट कंपनीच्या टीएस४ डॉकवर १८ पोर्ट आहेत आणि तो लॅपटॉपला ९८ वॉटपर्यंत चार्ज करतो. वस्तू खणखणीत आहे यात वाद नाही. दोन ४के मॉनिटर, वेगवान एसएसडी आणि रोजचं व्हिडिओचं काम असं तिन्ही असेल तर पैसे वसूल. दोन माइक आणि एक हार्मोनियम असलेल्या खोलीत मात्र त्या ४० गिगाबिटचं करायचं काय? बहुतेक साउंड कार्डं, टाइप-सीची असली तरी, आतून यूएसबी २.० वरच चालतात. त्यांना महामार्ग नको, बिनधक्क्याची पायवाट पुरते.

डॉक घेतलाच असेल तर एक सांभाळा. यूएसबी ३ च्या तारांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. वायरलेस माउसचा किंवा वायरलेस माइकचा रिसीव्हर डॉकला चिकटून लावला की सिग्नल अडखळतो. हातभर लांब एक्स्टेंशनवर लावला की बरा.

स्टोरेज : आधी हिशेब, मग खरेदी

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. ३२ ट्रॅक एका वेळी चालू असले तरी सेकंदाला साडेचार एमबीच्या आसपास लागतात. साधी जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभराच्या पुढे देते. म्हणजे नुसतं रेकॉर्डिंग करायला वेगवान एसएसडी लागतच नाही! दहा तासांच्या ऑडिओबुकासाठी मी साधारण पंचवीस तास कच्चं रेकॉर्ड करते, ते १३ जीबीत मावतं.

मग एसएसडी कशाला? दोन कारणं. एक, सॅम्पलच्या लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संग्रह. सतार, बासरी, व्हायोलिनचे हजारो छोटे तुकडे डिस्कवरून इकडून तिकडून उचलावे लागतात. फिरत्या डिस्कची सुई तिथे दमते आणि गाणं मध्येच टकटक करायला लागतं. दुसरं कारण माइकशेजारी बसणाऱ्याला कळतं. फिरती डिस्क गुणगुणते. टेबलावर ठेवलेल्या डिस्कची थरथर माइकच्या स्टँडमधून वर चढते आणि तानपुऱ्याखाली एक भलताच षड्ज लागल्यासारखा ऐकू येतो. डिस्क जाड फोमवर ठेवून मी दोन वर्षं काढली, तरी तो पूर्ण गेला नाही.

साटा, म्हणजे जुन्या जोडणीची, एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते. एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जोडणीची, १० गिगाबिटच्या केसमध्ये (एसएसडीचं बाहेरचं खोकं) घातली की हजाराच्या आसपास, ४० गिगाबिटच्या केसमध्ये तीन हजारांपर्यंत. ऑडिओसाठी यात निवड सोपी आहे : १० गिगाबिटची अ‍ॅल्युमिनियमची केस आणि तीत टीएलसी (एका पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या) प्रकारची १ टीबी एनव्हीएमई. २० गिगाबिटच्या तयार एसएसडीच्या जाहिराती दिसतील, पण एम-१ ते एम-३ च्या मॅकवर त्या १० नेच चालतात, कारण २० चा तो प्रकार त्यांत नाही. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) प्रकारची स्वस्त एसएसडी सुरुवातीला सुसाट धावते. मोठी फाइल उतरवताना आतली कॅशे (तात्पुरती वेगवान जागा) भरली की तिचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली येऊ शकतो. सॅम्पल वाचायला ती चालेल, व्हिडिओ उतरवायला नको. व्हिडिओचं गणित वेगळंच आहे. आयफोनवरचा ४के प्रोरेस (कमी दाबलेल्या व्हिडिओचा प्रकार) मिनिटाला ६ जीबी खातो, तिथे टीबीचं माप अपुरंच पडतं.

आणि केबल! फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल बहुतेक वेळा डेटासाठी ४८० मेगाबिटचीच असते. एसएसडीसोबत आलेली आखूड केबल तिच्यासोबतच ठेवा. मी त्यावर लाल दोरा बांधून ठेवलाय.

जुनी हार्ड डिस्क मात्र टाकू नका. झालेली कामं ठेवायला तीच बरी. एसएसडी वर्षानुवर्षं विजेवाचून कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. माझं काम संपलेलं प्रत्येक पुस्तक दोन हार्ड डिस्कवर जातं, त्यातली एक बहिणीकडे असते.

लॅपटॉपच्या आतली वाढ

भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. ८ जीबी रॅम असलेल्या मशीनवर ब्राउझर, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि एक मोठी लायब्ररी उघडली की रॅम संपते आणि मशीन डिस्कला रॅमसारखं वापरू लागतं. मग बफर (एका वेळी किती आवाज हाताळायचा ते माप) १२८ वर ठेवला की आवाज तडतडतो, ५१२ वर नेला की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. १६ जीबी केली की ही ओढाताण बरीच संपते. त्याच्या लॅपटॉपला रॅमचा एक स्लॉट रिकामा निघाला. सगळ्यांचं नशीब असं नसतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जडवलेली असते, आणि एम मालिकेच्या मॅकमध्ये तर ती वाढवताच येत नाही. म्हणून मॅक घेणाऱ्याने रॅमचे पैसे पहिल्याच दिवशी मोजावेत आणि स्टोरेज बाहेरून लावावं. उलट केलंत तर पुढे इलाज नाही.

खरेदीआधी मागचं झाकण उघडून किंवा मॉडेल नंबरावरून तीन गोष्टी बघा : स्लॉट रिकामा आहे का, रॅम डीडीआर४ की डीडीआर५, आणि एम.२ चा खण (पट्टीसारखी एसएसडी बसते तो) साटाचा की एनव्हीएमईचा. हे दोन खण दिसायला सारखे असतात. चुकीची एसएसडी खणात बसू शकते, पण लॅपटॉपला ती दिसत नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, सातव्यातले मोजके सोडले तर. त्या मशीनवर पैसे घालू नका. ते इंटरनेटपासून तोडून नुसतं रेकॉर्डर म्हणून वापरा आणि नव्या मशीनसाठी साठवा. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्यात. 'अजून स्वस्त होईल' म्हणून थांबण्यात सध्या अर्थ दिसत नाही.

भाच्याला मी काय सांगितलं

१६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई केससकट, आणि उरलेल्या पैशांत डॉकऐवजी छोटा यूपीएस. साउंड कार्ड लॅपटॉपच्या एका पोर्टला, एसएसडी दुसऱ्या. कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्हसाठी त्याच्याकडचा जुना हब पुरेसा आहे. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर तेही लावून ठेव म्हटलं, कारण त्या मोडमध्ये तो भार लवकर उचलतो.

ज्यांच्या लॅपटॉपला दोनच पोर्ट आहेत आणि चार्जरही त्यातच लागतो, त्यांनी रेकॉर्डिंग बॅटरीवर करावं. एका पोर्टला साउंड कार्ड, दुसऱ्याला एसएसडी, चार्जर बाहेर. जुन्या घरात अर्थिंग नीट नसेल तर चार्जरमुळे येणारी हम्मही त्याने जाते.

आणि डॉक आधीच घरात आला असेल, तर परत करायची मुदत संपण्याआधी एक दुपार त्याला द्या. नेहमीसारखं सगळं जोडा. एक जुनी, नको असलेली डिस्क त्यावर लावा, चांगली नको. दहा मिनिटं काहीही रेकॉर्ड करा, आणि मध्येच डॉकचा अ‍ॅडॅप्टर भिंतीतून ओढून पुन्हा लावा. लॅपटॉपवर काय काय तुटलं ते कागदावर लिहा. मग भिंत आणि डॉक यांच्या मध्ये यूपीएस लावून तेच करा, या वेळी यूपीएसची पिन ओढून.