खिडकीवालं दाबाचं गेट: मांजर आणि शिकाऊ कुत्री एकाच घरात, आठ महिन्यांनंतर

वस्तू साधी आहे. दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंनी दाब देऊन बसणारं लोखंडी गजांचं गेट, उंची 76 सेंमी, खाली मांजरापुरती 18 सेंमीची खिडकी. बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, जिथे कुत्री शिकायला येतात आणि मांजर कायमचं राहतं, तिथे जुलै ते फेब्रुवारी वापर झाला. पावसाळा, नवरात्र, दिवाळी, उत्तरायण (संक्रांतीचे पतंग), सगळं त्यात आलं.

पैसे वाया गेले नाहीत. पण गेट लावलं की काम झालं असं वाटत असेल तर घेऊ नका.

खोक्यातून काढल्यावर कडीपाशी बोटभर फट दिसते, आणि माल खराब आला म्हणून लोक परत करतात. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. चारही स्क्रू ताणले की चौकट दबते आणि फट मिटते. आधी खालचे दोन हाताने घट्ट करा, मग वरचे दोन अर्धा-अर्धा फेरा, दर वेळी कडी लागते का बघत. रबरी बुचं ऑइलपेंटवर घसरतात, त्यामुळे सोबतच्या प्लास्टिकच्या वाट्या लाकडात स्क्रूने ठोकून बसवाच. पावसात लाकूड फुगतं, थंडीत आकसतं. ऑगस्टमध्ये घट्ट बसलेलं गेट डिसेंबरात हलायला लागतं. आठवड्यातून एकदा वरच्या कडेला जोर देऊन बघा.

खिडकीतून मांजर जातं तसं तीन महिन्यांचं पिल्लूही जातं, पॉमेरियन तर आरामात. अशा वेळी खिडकी बंद, आणि मग मांजराची सगळी भिस्त उंचीवर. खरं तर गेटपेक्षा भिंतीवरची फळी महत्त्वाची. 18 मिमी प्लाय, 30 सेंमी रुंद, जमिनीपासून दीड मीटर, वर चढायला 40 सेंमीच्या टप्प्याने पायऱ्या, घसरू नये म्हणून वर रबरी मॅट. उतरायचे रस्ते दोन हवेत. एकच असला तर खाली कुत्रं बसून राहतं आणि मांजर वर अडकतं. जुन्या भिंतीत रावल प्लग (स्क्रू धरून ठेवणारं बूच) विटांच्या सांध्यात मारू नका, सांधा भुगा होतो. वीट शोधून तिच्यात मारा.

शिकवणं गेट बंद ठेवूनच. कुत्रं दोरीत, मांजर पलीकडे. अंतर असं की कुत्र्याला मांजर दिसतंय, पण हातातला उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा ते अजून खातंय. खाऊ नाकारला की अंतर कमी पडलं, दोन पावलं मागे. मांजराकडे बघून कुत्र्याने मान वळवून तुमच्याकडे बघितलं, त्याच क्षणी खाऊ. तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, नजर खिळलेली, म्हणजे तुम्हाला उशीर झालाय. तीन ते पाच मिनिटं पुरेत. मांजराला कडेवर घेऊन ‘ओळख’ करून देणं हा सगळ्यात वाईट प्रकार. घाबरलं की ते चढायला तुमचा चेहराच वापरतं.

मांजराची शी-शूची रेती गेटच्या आत, मांजराच्या बाजूलाच ठेवा, कुत्री ती चवीने साफ करतात. कुत्र्याचं खाणं मांजराला चालवून घेऊ नका, त्यात टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसं असेलच असं नाही आणि मांजराच्या डोळ्यांना व हृदयाला ते लागतं. पावसाळ्यात गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकतात, त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराला ते विष आहे. वेष्टनावरचं बारीक वाचा. उत्तरायणानंतर कितीतरी दिवस गच्चीवर मांज्याचे तुकडे सापडतात. मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. सरळ डॉक्टर.

आता माणसाचं. 76 सेंमीचं गेट ओलांडून जायचा मोह रोज होतो, तेही हातात दोरी असताना. पडायचं असेल तर याहून सोपा मार्ग नाही, कडी उघडा. दोरी मनगटाला गुंडाळू नका, तळव्यात घडी करून धरा. चावा किंवा ओरखडा: वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही नाही. त्याच दिवशी डॉक्टर, कारण मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम काहीच वाटत नाही आणि आत पू धरतो. रेबीजची लस दंडात 0, 3, 7, 14, 28 या दिवशी. आधी पूर्ण कोर्स झाला असेल तर 0 आणि 3. अंग दुखतंय म्हणून घेतलेली पॅरासिटामॉलची पट्टी ओट्यावर ठेवू नका, एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि गरब्याहून दोनला परतलात तर सकाळचा पाठ रद्द करा. झोप नसलेल्या माणसाचा हात उशिरा चालतो, कुत्र्याचा जबडा नाही.

तक्रारी: गजांचा रंग दातांनी उडाला की तिथे पावसात गंज येतो, पॉलिश पेपर मारून पुन्हा रंगवावं लागतं. लॅब्रॅडोरला 76 सेंमी ही उडी वाटतच नाही, मोठ्या कुत्र्यांसाठी 100 सेंमीचं घ्या. कडीचा प्लास्टिक खटका सहाव्या महिन्यात झिजला. सुटा भाग मागितला तर अख्खं गेट घ्या म्हणतात. सध्या त्यावर वेल्क्रोचा पट्टा आहे, आणि तो उघडायला मांजर शिकलंय.