चॉकलेट फ्रोझन डेझर्टचा ७०० मिलीचा डबा: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून हा डबा आमच्या घरी नेमाने येतोय. विश्रामबागेत शंभर फुटी रस्त्यावरच्या सुपरमार्केटमधून आणतो. आता सांगलीचा उन्हाळाही त्याच्याबरोबर काढून झाला, म्हणून सविस्तर लिहिते. चव मला आवडली, घरात सगळ्यांनाच आवडली. पण डबा कारखान्यातून चमच्यापर्यंत किती थंड राहिला, यावर ती चव जेवढी ठरते तेवढी दुसऱ्या कशावरच ठरत नाही, हे इतक्या महिन्यांत पक्कं कळलं.

आधी हे नक्की काय आहे ते सांगते. झाकणावर बारीक अक्षरात ‘फ्रोझन डेझर्ट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे आइस्क्रीम नव्हे. आइस्क्रीममधला स्निग्धांश दुधाचाच असावा लागतो आणि साध्या आइस्क्रीममध्ये तो किमान १० टक्के हवा, असा आपल्याकडचा नियम आहे. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाची पावडर असते, पण सायीची जागा वनस्पती तेल घेतं. माझ्या डब्यावर पाम तेल लिहिलंय. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “डालडा घालतात का गं यात?” तर नाही. डालडा म्हणजे हायड्रोजनेशन करून घट्ट केलेलं वनस्पती तेल, हे साधं तेल. याच मुद्द्यावर २०१७ मध्ये फ्रोझन डेझर्ट विकणारी हिंदुस्तान युनिलिव्हर, अशा पदार्थांत डालड्यासारखं वनस्पती तूप असतं असं सुचवणाऱ्या अमूलच्या जाहिरातीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, आणि न्यायालयाने ती जाहिरात दाखवायला मनाई केली होती. त्यामुळे नावं ठेवायची तर ती तेलाला ठेवावीत, डालड्याला नकोत.

आता चव. भिलवडी-पलूसच्या दुधावर वाढलेल्या आम्हा लोकांना दुधाची चव लगेच ओळखू येते, आणि ती यात फारशी नाही. मात्र कोकोचा कडसरपणा इतका पुढे असतो की तिची उणीव जाणवत नाही. याच कंपनीचा व्हॅनिला एकदा आणला होता. त्यात लपायला जागाच नाही, टाळूला तेलकट थर बसतो. तो पुन्हा आणला नाही. चॉकलेटमध्येही शेवटच्या घासानंतर थोडा थर राहतो. घोटभर कोमट पाणी प्यायलं की जातो. गोडी मात्र जपून. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. वाटीत विरघळून उरलेलं चाखून बघा, पाकासारखं गोड लागतं. सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांना आम्ही हे देत नाही.

फ्रीजबद्दल जरा जास्त लिहिते, कारण खरी गंमत आणि खरा घोळ दोन्ही तिथेच आहेत. डब्यावर उणे १८ अंशांला ठेवा असं छापलेलं असतं. आमचा जुना एकदारी फ्रीज तिथपर्यंत पोचायचाच नाही. वरचा कप्पा सारखा उघडला, बर्फाचे ट्रे काढले, मध्येच दुपारी वीज गेली, की डबा कडेने सैल व्हायचा आणि रात्री पुन्हा घट्ट. अशा प्रत्येक वेळी बर्फाचे बारीक कण विरघळतात आणि परत गोठताना मोठ्या कणांना चिकटून आणखी मोठे होतात. डब्यावर लिहिलेला ग्वार गम (गवारीच्या बियांची, घट्टपणा देणारी पूड) वगैरे हे थोडं लांबवतो, थांबवत नाही. आठवड्याभरात वरचा थर रवाळ व्हायचा, दातांखाली कचकच यायची. धाकटी म्हणायची, “आई, यात साखर राहिलीय.” साखर नव्हे, बर्फ.

दिवाळीत दोन दारांचा फ्रीज आला आणि तोच डबा वेगळा लागायला लागला. आता डबा कायम सगळ्यात मागे ठेवते, दारात कधीच नाही. काढून झालं की उरलेल्यावर प्लास्टिकचा कागद थेट चिकटवून बसवते, मग झाकण. मधली मोकळी हवा गेली की वर बर्फाचे कण धरत नाहीत. वाढायच्या आधी डबा पाच-सात मिनिटं खालच्या कप्प्यात ठेवला की चमचा सहज उतरतो.

एप्रिलमध्ये नणंदेकडे सांगलीवाडीला नेला होता. आयर्विन पुलावरून भर दुपारी, स्कूटरवर. वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर टॉवेल, आणि सगळं स्टीलच्या मोठ्या डब्यात बंद. कडा मऊ झाल्या होत्या, मध्यभाग घट्ट होता. लगेच वाटून संपवला. असा मऊ पडलेला डबा परत गोठवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

वजनाचंही सांगते. माल मिलीमध्ये विकला जातो आणि त्यात हवा फेटलेली असते. नियम लिटरला किमान ५२५ ग्रॅमचा, म्हणजे ७०० मिलीला साधारण ३६८ ग्रॅम. किचनच्या काट्यावर रिकाम्या डब्याचं वजन वजा करून पाहिलं, माझा त्याच्या थोडा वरच भरला. ज्यांना ७०० मिली म्हणजे पाऊण किलो वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा छापील किंमत जुनी की नवी तेही बघून घ्या.

दुकानात मी आता डबा असा निवडते: बाकी सगळी खरेदी उरकून शेवटी फ्रीझरकडे. वरचे डबे सोडून खालचा काढायचा. कडा दाबून बघायच्या, जरासुद्धा दबल्या तर परत ठेवायचा. झाकणाच्या खाचेत ओघळ सुकलेला दिसला तर तो डबा एकदा वितळून गेलेला असतो. आणि त्या दिवशी बाजारात बराच वेळ वीज नसेल, तर तिथून फक्त किराणा घेऊन घरी यायचं.