मागे दोन चाकं की चार? अकरा महिने वापरल्यानंतर

अकरा महिने आणि साधारण २७,००० किलोमीटर झाल्यावर लिहितोय. याआधी चार वर्षं माझ्याकडे मागे दोनच चाकं असलेली पिकअप होती. आताच्या गाडीला मागे चार आहेत, म्हणजे एकूण सहा टायर. दोन्ही गाड्या एकाच वर्गातल्या, दोन्ही डिझेल, आणि दोघींनीही तोच गूसनेक ट्रेलर (बंपरला नाही, पिकअपच्या हौद्यातच जोडला जाणारा) ओढला, तेच छोटं खोदयंत्र वर ठेवून. त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ करता येते.

निवड करायची वेळ बऱ्याच जणांवर येते, कारण गाडी तीच असते आणि मागचा भाग वेगळा. फोर्डची एफ-३५०, रॅम ३५००, शेवरोलेची सिल्व्हरॅडो ३५०० एचडी, तिन्ही दोन्ही प्रकारांत मिळतात. एफ-४५० पिकअप मात्र मागे चार चाकांचीच येते.

मी आधी चुकलो ते गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते या आकड्यावर विसंबून. जाहिरातीत तोच मोठा छापतात, आणि माझा ट्रेलर त्याच्या आत आरामात बसत होता. पण गूसनेकचा भार मागे लोंबत नाही, तो हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बसतो, आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतो. माझा भरलेला ट्रेलर ६,२०० किलोचा. वजनकाट्यावर लावल्यावर त्यातले १,३६० किलो गाडीच्या पाठीवर निघाले. त्यात आम्ही तिघं, अवजारांची पेटी आणि हिच (ट्रेलर अडकवायचा सांधा) धरली की बेरीज १,८०० किलोच्या वर. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर त्या जुन्या गाडीला पाठीवर आणि आत मिळून १,७२० किलोच परवानगी देत होता. चार वर्षं मी मर्यादा ओलांडून चालवत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी मला खरंच धास्ती वाटली, कारण शेजारच्या सीटवर माझी माणसं बसायची.

टायरच्या कडेवर तिरकी रेघ देऊन दोन आकडे (किती भार पेलेल त्याचे संकेतांक) छापलेले असतात, ते जरूर वाचा. जुन्या गाडीवर १२५/१२२ होते. पहिला आकडा एकट्या चाकासाठी, दुसरा जोडीत बसवलेल्या चाकासाठी. १२५ म्हणजे १,६५० किलो, म्हणून मागच्या दोन टायरांची मिळून ताकद ३,३०० किलो. भरल्यावर माझ्या मागच्या अ‍ॅक्सलवर २,९५० यायचे. बसत होतं, पण खड्डा, ऊन आणि थोडी कमी हवा यांना जागाच उरत नव्हती. नव्या गाडीवर १२०/११७ आहेत. टायर लहान, जोडीत प्रत्येकी १,२८५ किलो, पण चार मिळून ५,१४० होतात. गाडी स्वतः जड असूनही भरल्यावर अ‍ॅक्सलवर ३,१५० किलोच्या आसपास येतात.

चालवताना फरक पहिल्याच दिवशी कळला. मोठा ट्रक शेजारून गेला की जुन्या गाडीची पाठ आधी ढकलली जायची, मग ओढली जायची, आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरावं लागायचं. आता मागची बैठक रुंद आहे आणि भार चार टायरांच्या भिंतींवर वाटला जातो, त्यामुळे ते डुलणं जवळजवळ गेलंच. आडव्या वाऱ्यात उतार उतरताना तर फारच निवांत वाटतं. दिवसाअखेर खांदे दुखत नाहीत, एवढंच सांगितलं तरी पुरे.

मात्र रिकामी असताना हीच गाडी मला आवडत नाही. हलकी पाठ चार टायरांवर पसरली की चाक खाली रुतून कडक जमीन धरत नाही, वरच्या वर घसरतं. ओल्या गवताच्या चढावर दोनदा जागच्या जागी चाकं फिरली, जिथे जुनी गाडी सहज चढायची. आता पावसाळ्यात हौद्यात, अ‍ॅक्सलच्या वर वाळूची पोती ठेवतो. मागची रुंदी साधारण २.४ मीटर, म्हणजे पुढचा भाग फाटकातून निघाला तरी मागचे मडगार्ड निघतीलच असं नाही. तिसऱ्याच आठवड्यात डावा मडगार्ड खांबाला घासला. पार्किंगच्या आखलेल्या रेघांत ती बसत नाही, ऑटोमॅटिक वॉशिंगमध्ये घेत नाहीत. डिझेलही थोडं जास्त जातं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक बाजूच्या जोडीतला आतला टायर. एक चाक बसलं तरी शेजारचं सांभाळून घेतं, असं सगळे सांगतात. रिकाम्या गाडीत ते खरं आहे. भरलेल्या गाडीचा हिशोब करा: ३,१५० चे निम्मे, म्हणजे एका बाजूवर १,५७५, आणि माझा एक टायर एकट्याने १,४०० किलोच पेलतो. म्हणजे आतला बसला की बाहेरचा त्याच क्षणापासून ताकदीबाहेर काम करत असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला गाडी सरळ उभी दिसते. माझ्या बाबतीत सहाव्या महिन्यात हेच झालं. आतल्या टायरमधून हळूहळू हवा जात होती, चालवताना काहीच जाणवलं नाही. चहाला थांबलो तेव्हा सवयीने मागच्या चाकांजवळ हात नेला, तर उजव्या बाजूची धग डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त होती. ट्रेलर तिथेच सोडला. त्यानंतर चारही चाकांना हवेचे सेन्सर लावले, आणि आतल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचणारं लांब तोंडाचं गेज गाडीतच ठेवतो. दोन चाकांच्या मधल्या फटीत अडकलेला दगडही प्रत्येक फेरीआधी बघतो. तो टायरची भिंत कापतो.

चाकं उतरवून पुन्हा बसवली की साधारण १५० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे, हे कोणी आठवण करून देत नाही. पंक्चर काढून आणल्यावर माझे दोन नट किंचित सैल सापडले होते.

तुमचा ट्रेलर मागच्या बंपरखालच्या हिचला लागत असेल आणि भार ट्रेलरच्या वजनाच्या १०-१५ टक्क्यांच्या हिशोबाने येत असेल, तर मागे दोन चाकांची गाडी बहुतेक पुरेल आणि रोजच्या वापरात तीच सुखाची. माझे महिन्यातले बारा-तेरा दिवस ट्रेलरसह जातात, म्हणून मी मागे चार चाकांच्या गाडीवर ठाम आहे. महिन्यातून एकदाच ओढायचं असतं तर घेतली नसती. आधी भरलेला ट्रेलर काट्यावर लावा, मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगळं करून घ्या, आणि मगच शोरूमला जा.

पुढच्या महिन्यात मागचे चारही टायर एकदम बदलतोय. एकच झिजलाय खरा, पण जोडीतल्या दोघांच्या व्यासात सहा मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. मोठा सगळा भार ओढून घेतो आणि लहान रस्त्यावर घासत राहतो. खर्च टोचतोय, तरी एक नवा आणि तीन जुने असं करणार नाही.