जुनी जिनिंग घेण्याआधी माती-पाणी तपासून घेतलं, 5 पैकी 4 स्टार

हिंगणघाट साइडला रोडटच बंद जिनिंग-प्रेसिंगची (कापसातून सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्याची) जागा डाळ मिलसाठी पाहिली होती, इसार द्यायच्या आधी या माती-पाणी तपासणाऱ्या कंपनीकडून माती-पाण्याची पूर्ण तपासणी करून घेतली. सविस्तर लिहून राहिलो कारण आपल्या भागात बंद जिनिंग, सरकी तेलाच्या मिल, जुने पेट्रोल पंप असे प्लॉट बम विकायला आहेत अन् घेणारा सातबारा, फेरफार, एनए, मोजणी अन् वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट एवढंच पाहते. सातबाऱ्यावर मालक कळते, बोजा कळते, पण जमिनीत काय मुरलं ते त्यात कुठं लिहिलेलं असते?

काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात एक खड्डाही खोदत नाहीत, फक्त कागद, फिरणं अन् विचारपूस. अमेरिकेत कमर्शियल जागा घेताना हे नेहमीचं आहे, 1980 च्या तिथल्या कायद्यात घाण साफ करायचा खर्च नव्या मालकावरही येऊ शकते म्हणून खरेदीआधीच चौकशी करून ठेवतात, अन् त्याचं ई1527 नावाचं स्टँडर्डच आहे. आपल्याकडे खरेदीआधी अशी सक्ती नाही, पण दूषित जागांबद्दलचे केंद्राचे नियम जुलै 2025 मध्ये आलेत, त्यामुळे हा विषय आता हवेतला राहिला नाही.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हे पहिल्या टप्प्याचंच काम. गूगल अर्थवर मागच्या वर्षांचे फोटो लावून कोणतं शेड कधी पडलं ते दाखवलं, जुनी संमतीपत्रं प्रदूषण मंडळाकडून मागायला लावली, डिझेलच्या मोठ्या साठ्याला पेसोचं (स्फोटकं-पेट्रोलियमची सुरक्षा पाहणारं केंद्राचं खातं) लायसन लागते अन् पेसोचं हेड ऑफिस आपल्या नागपुरातच आहे म्हणून तिकडेही अर्ज करायला लावला. पण खरी माहिती कागदात नाही, माणसांत निघाली. जिनिंगमध्ये उमर घातलेले एक काका जवळच्या गावात राहतात, त्यांना घेऊन पूर्ण प्लॉट फिरले, घाई केली नाही. काका म्हणे, "इथीच टाकी होती जी डिझलची, जमिनीत गाडलेली. तेल काढताना सांडे तं तसंच मुरून जाय, कोन पाहे तवा." ही टाकी ना नकाशावर होती, ना विकणाऱ्याच्या बोलण्यात. काकांनीच बोट दाखवलं की मागच्या कोपऱ्यात काही वर्षं सरकीला अॅसिड लावून लिंट (सरकीला चिकटलेला बारीक कापूस) काढायचे अन् बियाण्याला औषध चोळायचे. मंग खोदायचं कुठं ते आपोआप ठरलं.

दुसऱ्या टप्प्यात ऑगरने (माती खोलवरून काढायच्या गिरमिटाने) थरा-थराने माती काढली, टाकीच्या जागी, अॅसिडच्या कोपऱ्यात अन् एक नमुना मुद्दाम दूरच्या चांगल्या मातीचा, तुलनेला. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, त्या भेगांतून तेल खोल जाते, म्हणून नुसती वरची माती खरडून नेणारा लॅबवाला असेल तर पैसे वाया समजा. पाण्याचंही तसंच. आजूबाजूच्या तीन विहिरींची पातळी मोजून भूजल कोणीकडे वाहते ते काढलं, बोअरचं पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरलं, कारण पेट्रोल-डिझेलमधलं बेंझिन हवेत उडून जाते, अन् बर्फाच्या पेटीत घालून त्याच दिवशी एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला पाठवलं. टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या) मीटरवर डिझेल कळत नाही, हे आपल्याकडे पाणी तपासणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात घ्यावं. कीटकनाशकाची टेस्ट वेगळी सांगावी लागते, धातूंच्या टेस्टमध्ये ती येत नाही. एंडोसल्फान 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंद केलं तरी जुन्या गोदामाच्या मातीत त्याचे अंश निघू शकतात, म्हणून ती टेस्ट मी आग्रहानं घेतली.

रिझल्ट असा, की टाकीच्या जागी पुरुषभर खोलीपर्यंत डिझेल, अॅसिडच्या कोपऱ्यात पीएच घसरलेला म्हणजे माती आम्लधर्मी झालेली, कीटकनाशक नाही, अन् बोअर साफ. बोअरमध्ये नायट्रेट मात्र पिण्याच्या पाण्याच्या लिटरला 45 मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर होतं, पण ते आजूबाजूच्या वावरातल्या खताचं, जिनिंगचं नाही, हे त्यांनी नीट फोड करून सांगितलं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बोअरमध्ये फ्लोराइड दगडातूनच येते, तेही कोणी कारखान्याच्या नावावर टाकू नये म्हणे. हा खरेपणा आवडला, घाबरवून आणखी टेस्ट विकता आल्या असत्या.

या रिपोर्टवर विकणाऱ्याशी बोलणी झाली, दूषित माती त्याच्या खर्चानं काढून बुटीबोरीच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायची, पावती दाखवायची, मगच खरेदी, असं इसारपत्रात लिहून घेतलं. माती काढल्यावर खड्ड्याच्या तळाची अन् बाजूची पुन्हा टेस्ट हेही त्यात आहे. नाहीतर लोक ती माती रातोरात नाल्यात टाकून मोकळे होतात अन् खालच्या गावानं ते पाणी प्यावं.

एक स्टार कापला तो रिपोर्टसाठी. सगळा इंग्रजीत, जाडजूड, माझ्या वडिलांना अन् विकणाऱ्याला त्यातलं काहीच वाचता आलं नाही, मराठीत दोन पानं दिली असती तर बोलणीच्या वेळी आमचा जीव वाचला असता. दुसरं म्हणजे शेडवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅसबेस्टॉस आहे का ते तपासलं नाही, विचारल्यावर "स्कोपमध्ये नाही" म्हणाले, अन् अशा जागेत ते पत्रे सगळ्यात आधी तोडले जातात, मजूर तोंडाला काही न बांधता तोडतात. हे कोटेशनमध्ये सुरुवातीलाच मागून घ्या. पैसे म्हणाल तर जागेच्या किमतीच्या एक टक्काही लागले नाहीत, पण कीटकनाशकाच्या टेस्टचं बिल वेगळं आलं, ते आधी विचारा.

बोलवायचं असेल तर मे महिन्याच्या आत बोलवा, एकदा पाऊस लागला की काळ्या मातीत गाडी फसते अन् ऑगर काही खाली जात नाही. पाण्याचा एक नमुना मात्र पावसाळ्यानंतर पुन्हा घ्या, पातळी वर आली की खालचं तेल पाण्यात उतरते, माझा तो दुसरा नमुना दिवाळीनंतर यांच्याकडूनच होणार आहे.