‘हमखास व्ह्यूज’ विकणाऱ्यांपासून सावध

छोट्या व्हिडिओंना हमखास प्रेक्षक मिळवून देतो, असे सांगणाऱ्यांची जळगाव-भुसावळकडे सध्या चलती आहे, म्हणून आमच्या घरच्या यूट्यूब चॅनेलच्या बाबतीत काय घडले ते सविस्तर लिहीत आहे. आमच्या वहिनी अहिराणीत बोलत खानदेशी स्वयंपाक करून दाखवतात आणि चित्रीकरण मी करतो. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, कळण्याची भाकरी, खापरावरची पुरणपोळी, असे विषय असतात. प्रेक्षक थोडे होते, परंतु त्यांत सुरत-पुण्याकडे कामाला गेलेली आपलीच माणसे अधिक होती आणि ती व्हिडिओ शेवटपर्यंत पाहत.

जळगावातील एका कार्यालयातून फोन आला. तेथील गृहस्थ फार आदबीने बोलत. “वहिनी, तुमच्या हाताला चव आहे, रीच तेवढी नाही, ती बाजू आमच्यावर सोपवा,” असे म्हणून त्यांनी 24,000 रुपयांत, तीन महिन्यांत चॅनेल मॉनेटाइज करून देण्याची, म्हणजे त्याला जाहिरातींचे पैसे सुरू करून देण्याची, हमी दिली. अर्धी रक्कम आगाऊ, तीही कार्यालयाच्या नव्हे तर कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. पावती मागितली तेव्हा व्हॉट्सॲपवर अंगठा आला.

त्यांच्या बोलण्यातील खुबी अशी की, ते खोटे फारसे सांगत नसत, अर्धेच सांगत. यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि त्यासोबत मागील 90 दिवसांत शॉर्ट्सचे (यूट्यूबवरील छोट्या व्हिडिओंचे) 1 कोटी व्ह्यूज, किंवा मागील 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो, आणि या तासांत शॉर्ट्स फीडमधील पाहणे धरले जात नाही. यांपैकी ‘1 कोटी’ एवढेच त्यांनी आम्हाला ऐकवले; ते व्ह्यूज यूट्यूबला ग्राह्य वाटावे लागतात, हे गाळले. शिवाय 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्सची मोजणी बदलली असून व्हिडिओ नुसता सुरू झाला किंवा पुन्हा फिरला तरी एक व्ह्यू धरला जातो. पात्रता आणि पैसे मात्र पूर्वीच्याच पद्धतीने, म्हणजे यूट्यूब स्टुडिओत (चॅनेलवाल्याला आपली आकडेवारी दाखवणाऱ्या पानावर) ‘एंगेज्ड व्ह्यूज’, म्हणजे थांबून पाहिलेले व्ह्यूज, म्हणून वेगळ्या दिसणाऱ्या आकड्यावर ठरतात. गृहस्थ दर आठवड्याला पाठवत ते चित्र नेमके बाहेरच्या, फुगलेल्या आकड्याचे असे.

आकडा फुगला, यात शंका नाही. भरताचा व्हिडिओ लाखांत गेला. त्याखाली अनोळखी लिप्यांतील एकेका शब्दाच्या प्रतिक्रिया पाहून वहिनींनी विचारले, “हाई काय शे?” मी स्टुडिओ उघडून पाहिला. प्रेक्षक कोठले, हे दाखवणाऱ्या यादीत महाराष्ट्र नावालाही उरला नव्हता. व्हिडिओ पाहिलेल्यांपेक्षा वर सरकवून निघून गेलेल्यांचे प्रमाण कितीतरी मोठे झाले होते. आणि प्रेक्षक कोठवर टिकले हे सांगणारी रेषा, जी पूर्वी वांगी सोलेपर्यंत बरी तग धरायची, ती पहिल्या दोन सेकंदांतच तळाला गेली होती. समोर आलेला व्हिडिओ लोक पाहतात की सरकवतात, यावरून तो पुढे कुणाला दाखवायचा हे यूट्यूब ठरवते. त्यामुळे नंतरचे अस्सल अहिराणीतले व्हिडिओही सुरतेच्या मंडळींपर्यंत पोहोचेनासे झाले, असे मला वाटते. पैशांपेक्षा हे नुकसान मी मोठे मानतो.

त्यांनी सुरुवातीलाच गुगलचा पासवर्ड मागितला होता. वस्तुतः स्टुडिओत ‘परमिशन्स’मधून दुसऱ्याला एडिटर किंवा मॅनेजर म्हणून जोडता येते आणि पासवर्ड देण्याची गरज पडत नाही, तसे मी सुचवले असता “त्यात आमचे सॉफ्टवेअर चालत नाही” असे उत्तर मिळाले. (कोणते सॉफ्टवेअर, हे अखेरपर्यंत कळले नाही.) पासवर्ड मिळाल्यावर त्यांनी आमच्या चॅनेलवर दुसऱ्यांच्या व्हिडिओंचे तुकडे, वर गाणे चिकटवून, रात्री-बेरात्री टाकले. मॉनेटायझेशनचा आमचा अर्ज नाकारला गेला तो याच पुनर्वापराच्या कारणाने. अर्ज केल्यावर यूट्यूब चॅनेलची तपासणी करते आणि तिचा निकाल बाहेरच्या कोणाच्या हातात नसतो. तेव्हा मॉनेटायझेशनची हमी देणारा आपल्या ताब्यात नसलेली वस्तू विकत असतो. विकतचे व्ह्यूज यूट्यूबच्या धोरणात निषिद्ध आहेत, आणि ते त्रयस्थाने आणले तरी परिणाम चॅनेलवाल्यालाच भोगावे लागतात.

यानंतर गृहस्थांनी ‘अपील फी’ म्हणून आणखी 10,000 रुपये मागितले. यूट्यूब अर्जासाठी किंवा अपिलासाठी कोणतेही शुल्क घेत नाही, हे मी लिहून पाठवले, त्यावर माझा क्रमांक ब्लॉक झाला. आम्ही पासवर्ड बदलला, अनोळखी उपकरणांवरील लॉगिन बंद केले, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावले, उसने तुकडे काढून टाकले आणि 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हा फोन पैसे गेल्या गेल्या करावा लागतो, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवण्याची काही शक्यता राहते. आमच्या बाबतीत ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

अलीकडे धुळ्याच्या एका परिचिताने एक जाहिरात पाठवली. कार्यालयाचे नाव निराळे आहे, दर वाढवलेला आहे, आणि ‘आमच्या ग्राहकाचे यश’ या मथळ्याखाली छापलेला उंच चढत जाणारा आलेख आमच्या भरताच्या व्हिडिओचा आहे.